वाढवलेली अंगठी

“हात दाखव,” मी म्हटलं.

शालनने डावा हात पुढे केला.

“दुसरा.”

“दुसऱ्यात काय बघायचंय बाई? बांधलाय की.”

“म्हणूनच बघायचाय.”

जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. उपांत्य सामना जिंकून आम्ही नुकत्याच मैदानावरून परतलो होतो. शाळेच्या ज्या वर्गात आमचं सामान होतं, तिथे बाकीच्या मुली बाकांवर आडव्या झाल्या होत्या. अंतिम सामना दुपारी होता. शालन यादव ही माझी कोपरारक्षक. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा पकडायचा आणि पंचांनी शिट्टी वाजवेपर्यंत सोडायचा नाही, हे तिचं काम. ते काम तिच्याइतकं चोख करणारी मुलगी त्या जिल्ह्यात नव्हती, आणि हे मी तिची शिक्षिका म्हणून सांगत नाही. राज्याचा संघ निवडायला आलेल्या समितीतल्या एका गृहस्थांनी सकाळच्या सामन्यानंतर मुद्दाम येऊन तिचं नाव विचारून घेतलं होतं.

तिने उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट पांढऱ्या चिकटपट्टीने एकत्र बांधलं होतं. अशी पट्टी बांधायला मुलींना मीच शिकवलं होतं. बोट मुरगळलं की शेजारच्या बोटाचा आधार द्यायचा, पेर मोकळं सोडायचं आणि वरखाली पट्टी गुंडाळायची. पण शालनची पट्टी बोटांच्या बुडाशी होती आणि नको तेवढी जाड होती.

“हे असं बांधायला कुणी शिकवलं?”

“तुमीच की.”

“मी शिकवलं असतं तर पट्टी इथे नसती. सोड ती.”

“राहू द्या ना बाई. सामना झाल्यावर सोडते.”

मी पिशवीतून कात्री काढली आणि पट्टी कापली. आत अंगठी होती.

मला असा काही संताप आला की हातातली कात्री आधी बाकावर ठेवून दिली. हातांच्या बाबतीत मी सगळ्या तालुक्यात बदनाम होते. रोज सरावाआधी मुलींना रांगेत उभं करून मी हात तपासत असे. नखं वाढलेली असली तर तिथेच कापायची. अंगठ्या, बांगड्या, मनगटातले गंडेदोरे सगळं उतरवून डब्यात ठेवायचं. आधी बोटं चोळून, उघडमीट करून गरम करायची, मग मैदानात पाय टाकायचा. मुली माझ्यामागे मला नखंवाल्या बाई म्हणत. ते मला ठाऊक होतं आणि त्याचं मला काही वाटत नसे. आया शाळेत येऊन भांडत. पोरींचे हात असे भुंडे ठेवता, बरं दिसतं का, म्हणत. मी त्यांना सांगे, भुंडे तर भुंडे, पण शाबूत तर राहतील.

मी हे उगीच करत नव्हते. कॉलेजात असताना एक मुलगा व्हॉलीबॉलची जाळी बांधायला खांबावर चढला होता. जाळी बांधून झाल्यावर त्याने खाली उडी मारली आणि त्याच्या बोटातली अंगठी वरच्या हुकात अडकली. मुलगा खाली आला, बोट वर राहिलं. मी चार हातांवर उभी होते. ही हकीकत मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगत असे. मुली तोंडावर हात घेऊन ऐकत आणि मग फिदीफिदी हसत. त्यांच्या लेखी ती भुताची गोष्ट होती. शालनच्या त्या स्पर्धेला आता पंचवीसेक वर्षं झाली, तरी ते हसू आठवलं की माझं डोकं तडकतं.

“सकाळच्या सामन्यातही होती ही?” मी विचारलं.

शालनने खाली बघत मान डोलावली.

“पंचांनी हात तपासले ना?”

“तपासले. पट्टी बघून म्हनले, लागलंय वाटतं. मी व्हय म्हनलं.”

पट्टी पाहून सकाळी माझाही तोच समज झाला होता.

“आणि खरंच लागलंय?”

“तवा नव्हतं लागलं. मग लागलं.”

सामन्यात कुणाची तरी टाच तिच्या हातावर पडली होती. बोट मधल्या पेराशी टम्म सुजलं होतं आणि अंगठी दोन्ही बाजूंच्या मांसात रुतली होती. अंगठीच्या वरचा भाग लालसर काळपट दिसत होता. मी टोकाला दाबून पाहिलं.

“कळतंय का?”

“मुंग्या येत्यात.”

“मुंग्या येतायत म्हणे. काढ आधी ती.”

“न्हाई निघायची बाई.”

“निघत नाही की काढायची नाही?”

“दोनी,” शालन म्हणाली.

तिचा साखरपुडा नुकताच झाला होता. मुलगा साखर कारखान्यात कामाला, घर खाऊनपिऊन सुखी, माणसं बरी. अंगठी मुलाकडच्यांनी अंदाजाने करून आणलेली. कबड्डी खेळणाऱ्या मुलींची बोटं पेरांशी जाड होतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? साखरपुड्यातच ती साबण लावून चढवली होती. पण खरी अडचण निराळीच होती. मुलाच्या थोरल्या भावाची सोयरीक आधी एका ठिकाणी ठरली होती. त्या मुलीने एक दिवस बोटातली अंगठी काढून देवापुढे ठेवली आणि दोन दिवसांनी तीच अंगठी मध्यस्थाच्या हाती परत आली. चारचौघांत मान खाली गेली. तेव्हापासून त्या घरात अंगठी बोटातून निघणं म्हणजे सोयरीक मोडणं, असं ठरून गेलं होतं. होणाऱ्या सासूने, निकमांच्या आक्कांनी, साखरपुड्याच्या दिवशीच शालनला जवळ घेऊन सांगितलं होतं, की अक्षता पडेपर्यंत ही काढायची नाही.

“आणि तू मला हे सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर खेळू दिलं असतं का तुमी?”

“नाही.”

“मग,” शालन म्हणाली.

मी साबण लावून पाहिला. खोबरेल तेल लावलं. माठातल्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला, मग वर धरून ठेवायला लावला. दोऱ्याचा उपाय मला येत होता. दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून काढायचं, बाकीच्या दोऱ्याने बोटाला पेरापर्यंत घट्ट वेढे द्यायचे आणि खालच्या टोकाने एकेक वेढा सोडवत अंगठी वर सरकवायची. सुईने दोरा कसाबसा आत गेला, पण वेढे द्यायला लागल्यावर शालनने ओठ चावले आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अंगठी पेराशी येऊन अडली ती अडलीच. वर कातडीही सोलली. मी दोरा सोडून दिला.

“चल पोतदाराकडे.”

“कापायची न्हाई बाई.”

“बोट कापायचं का मग?”

“मला आजचा सामना खेळायचाय,” ती म्हणाली. “ते निवडीचे लोक बगाय आल्यात. पट्टी बांधून खेळते. परत न्हाई मागनार काय.”

“शालन, तुझं बोट कुणाच्या जर्सीत अडकलं तर ते जर्सीबरोबर जाईल. कळतंय का तुला? ही अंगठी बोटात असताना मी तुला मैदानात पाय टाकू देणार नाही. राज्याचा संघ गेला खड्ड्यात.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिच्या वाटेत आडवी पडले आहे. मला ती नजर सवयीची होती. माझ्या सगळ्या मुली कधी ना कधी माझ्याकडे तसं पाहत.

सराफाची आळी शाळेच्या मागेच होती. पोतदार सोनार म्हातारा आणि चिकित्सक माणूस. त्याने शालनचा हात उजेडात धरला, अंगठी पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“साखरपुड्याची दिसती.”

“हो. कापा.”

“मी न्हाई कापायचा.”

“अहो, बोट काळं पडतंय.”

“दिसतंय की मला. पन साखरपुड्याची अंगठी अशी कुनी बी आनली आन कापली, असं न्हाई चालत. उद्या ते दारात येत्याल. कुनाकडची सोयरीक?”

“निकमांची.”

“मग निकमांचा शबूद आना. लांब ऱ्हात असतील तर तसं सांगा, दवाखान्यात न्या मग.”

“आक्का आल्यात मैदानावर,” शालन हळूच म्हणाली. “तात्यांबरोबर बसल्यात. त्या हो म्हनल्या तर कापा.”

मी शालनला दुकानात बसवलं आणि मैदानाकडे जवळजवळ पळतच गेले. ऊन रणरणत होतं. जमिनीवर नव्याने फक्की मारून रेषा आखणं चाललं होतं. मांडवात पहिल्याच रांगेत शालनचे वडील तात्या आणि त्यांच्या शेजारी आक्का निकम बसल्या होत्या. गोल चेहऱ्याच्या, मोठं कुंकू लावलेल्या, मोकळ्या आवाजाच्या बाई. मांडीवर चिवड्याचा डबा. मला पाहताच त्यांनी डबा पुढे केला.

“घ्या बाई. आमची वाघीन कुठाय? सकाळी काय धरली वं त्या पोरीला. मी तर बाकावर उभी ऱ्हायले.”

मी एक घास तोंडात टाकला, कारण नाही म्हटलं असतं तर पाच मिनिटं त्यातच गेली असती. मनात शब्द जुळवत होते. आमच्या घरी मंगल वस्तू तुटली, फुटली, मोडली असं कुणी तोंडातून काढत नसे. बांगडी फुटली म्हटलं की आई हातातलं काम टाकून दटावायची, वाढवली म्हण. तीच सवय माझ्या जिभेला. आणि शिवाय एका होणाऱ्या सासूला, तिच्याच हाताने घातलेली अंगठी तोडतो, असं तिच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती.

“आक्का, शालनचं बोट सुजलंय,” मी म्हटलं. “अंगठी फार घट्ट झालीय. वाढवावी लागेल.”

आक्कांचा चेहरा एकदम खुलला.

“मग वाढवा की. त्यात इचारायचं काय? मी तवाच ह्यांना म्हनले हुते, पोरगी खेळाडू हाय, बोटं भरलेली असनार. वाढवा वाढवा. पोतदाराला माझं नाव सांगा.”

“म्हणजे तुमची काही हरकत नाही?”

“हरकत कसली आलीय? शुभ काम हाय.”

शुभ काम हा शब्द मला जरा जास्त वाटला, पण त्या क्षणी मी त्या बाईवर खूश होते. किती समजूतदार सासू मिळाली पोरीला, असं वाटलं. तात्यांनीही मान डोलावली. मी आल्या पावली परत फिरले.

“काय म्हनल्या आक्का?” पोतदाराने विचारलं.

“वाढवा म्हणाल्या.”

“स्वता म्हनल्या?”

“त्यांच्या तोंडाने म्हणाल्या. तात्याही होते.”

पोतदाराने आणखी काही विचारलं नाही. एक पातळशी पत्र्याची पट्टी त्याने अंगठी आणि बोट यांच्यामध्ये सरकवली आणि बारीक करवतीने अंगठी कापली. मग दोन चिमट्यांनी ती फाकवली. शालनने डोळे मिटून घेतले होते. अंगठी निघाल्यावर बोटाच्या टोकाकडे हळूहळू गुलाबी रंग यायला लागला. मी तो येताना पाहत बसले. कुणी बाळंतपणाची खुशखबर दिल्यासारखा मला आनंद झाला. अंगठी पोतदाराने रुमालात बांधून माझ्याकडे दिली.

बोटाचं हाड शाबूत आहे का ते मी चाचपून, हलवून पाहिलं. स्पर्धेच्या डॉक्टरांनाही दाखवलं. ते म्हणाले, सूज आहे, मोडलेलं नाही, आधार देऊन खेळली तर चालेल. मग मी पट्टी बांधली. यावेळी जिथे बांधायला हवी तिथे.

अंतिम सामना फार चुरशीचा झाला. समोरच्या संघात एक उंच, सडसडीत मुलगी होती. ती कोपऱ्यात येऊन पाय टाकायची आणि हाताला लागायच्या आत मागे जायची. मध्यंतरापर्यंत तिने आम्हाला जेरीस आणलं. उत्तरार्धात तिने एकदा पाय टाकला आणि शालन घोट्यावर झेपावली. घोटा निसटला. शालनने तशीच वरच्या वर झेप घेतली आणि तिची जर्सी पकडली. मुलगी मध्यरेषेकडे झोकून देत होती, शालन मागे ओढत होती. जर्सीच्या बगलेतली शिवण उसवली आणि तिच्यात शालनची दोन बोटं गेली. तीच दोन. मुलीच्या अंगाचा सगळा भार त्या बोटांवर आला. कापड टरकन फाटलं, बोटं सुटून आली आणि बाकीच्या मुलींनी मागून येऊन तिला दाबून धरलं. शिट्टी वाजली. गुण आमचा.

मैदान नुसतं दणाणून गेलं. आक्का बाकावर उभ्या राहून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होत्या. मी मात्र लांबूनच शालनची बोटं मोजली. त्या बोटात अंगठी असती तर काय झालं असतं, ते मला डोळ्यांसमोर दिसलं. पण मैदानातल्या इतर माणसांना दिसली ती फक्त फाटलेली जर्सी. मुलींना एक गुण दिसला. शालनला तर काहीच कळलं नव्हतं, ती हात झटकून पुन्हा जागेवर उभी होती. जे घडलं नाही ते कुणाला दाखवायचं तरी कसं?

आम्ही जिंकलो. बक्षीस समारंभात राज्याच्या सराव शिबिरासाठी निवडलेल्या मुलींची नावं वाचली, त्यात शालनचं नाव होतं. तात्यांनी डोळे पुसले. आक्का गर्दीतून वाट काढत आल्या, शालनच्या चेहऱ्यावरून हात फिरवून त्यांनी आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि मग माझ्याकडे वळल्या.

“आना बघू आमची अंगठी. कितपत वाढली? सगळ्यांच्या समोर माझ्या हातानं घालते.”

मी रुमाल उघडला.

आक्कांनी कापलेली, फाकलेली अंगठी दोन बोटांत उचलून धरली. आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. तसं त्यांनी काही केलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या.

“ही मोडली कुनी?”

“आक्का, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, वाढवा.”

“वाढवा म्हनले. मोडा कुठं म्हनले?”

“आमच्याकडे त्यालाच वाढवणं म्हणतात. बांगडी वाढवली म्हणतो ना आपण, तसं.”

“बांगडी वाढवत्यात बाई. नारळ वाढवत्यात. अंगठी घट्ट झाली आन वाढवायची म्हनलं की ती मोटी करायची. एवढं मराठी मला बी कळतं.”

“तिचं बोट गेलं असतं, आक्का.”

“गेलं का?”

“नाही, म्हणजे कापली म्हणून नाही गेलं. खेळताना तुम्ही पाहिलंत ना, जर्सीत बोटं अडकली होती.”

“मी बगितलं. धडधाकट हाय की पोरगी.”

तात्या माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, जणू मी त्यांच्या घराला आग लावली आहे. ते आक्कांच्या पायाशी बसून हात जोडत होते. शालन एका बाजूला चषक धरून उभी होती.

रात्र व्हायच्या आत आक्का स्वतः पोतदाराकडे गेल्या. पोतदाराने त्यांना समजावलं, की अंगठी मोठी करायची झाली तरी आधी कापावीच लागते, मग मध्ये सोनं घालून सांधतात. म्हणजे बाईंनी निम्मं काम केलंय, उरलेलं निम्मं मी करतो. हे आक्कांना पटलं. त्यांनी तिथे बसूनच अंगठी मोठी करून घेतली आणि तात्यांच्या घरी जाऊन शालनच्या बोटात घातली. सोयरीक मोडली नाही. दुसऱ्या दिवशी तात्यांचा निरोप आला, तेव्हा मी आनंदाने सगळ्या शिक्षकांना चहा पाजला. अंगठी आता ऐसपैस झाली होती, तेव्हा सामन्याआधी झटक्यात काढता येईल, उगीच रडारड नको, असा माझा हिशोब.

शिबिराच्या आधल्या आठवड्यात मी शालनला निघायचा दिवस सांगायला तिच्या घरी गेले. आक्का तिथेच होत्या, बस्त्याची बोलणी चालली होती. त्यांनी माझं हसून स्वागत केलं. मनात काही ठेवलेलं दिसत नव्हतं.

“परवा सकाळच्या गाडीने निघायचं,” मी म्हटलं. “नखं कापून ये. अंगठी घरीच ठेव.”

चहा ढवळणाऱ्या तात्यांचा हात थांबला. आक्का शांतपणे म्हणाल्या, “अंगठी न्हाई निघायची बाई.”

“आता तर ढिली आहे.”

“ढिली असंल. पन ती एकदा मोडून सांधलेली हाय. लोकांच्या तोंडी आधीच आलंय. परत ती बोटातनं निघाली तर मी कुनाकुनाला सांगत बसू? आपल्याला ठावं हाय खेळासाठी काढली, लोकांना न्हाई.”

“आक्का, अंगठी घालून खेळता येत नाही.”

“मग तुमी खेळू द्या. वरनं पट्टी बांधा.”

“नाही.”

“एवढ्या बारीला.”

“नाही आक्का. पंच घेणार नाहीत, आणि त्यांनी घेतलं तरी मी घेणार नाही. बोट जातं. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

मी त्यांना व्हॉलीबॉलच्या खांबाची हकीकत सांगितली. हुक, उडी, बोट, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा माझी ती हकीकत कुणीतरी न हसता ऐकली. आक्कांनी शेवटपर्यंत ऐकली. त्यांनी तोंडाला पदर लावला. तात्याही हादरले. मला वाटलं, जिंकलं.

“खरं हाय तुमचं बाई,” आक्का म्हणाल्या. “पटलं मला. त्या दिवशी उगीच बोलले तुमाला, मनाला लावून घेऊ नका.”

“मग अंगठी काढायची ना?”

“अंगठी कशी काढायची? खेळ बंद करायचा. बोट जान्यापरीस खेळ गेलेला बरा. तुमीच तर सांगताय, अंगठी असली की खेळायचं न्हाई.”

“बाईंचं बरोबर हाय,” तात्या म्हणाले. “बाई पोरींच्या जिवाला जपत्यात, म्हनून तर पाठवतो आपन.”

मी भांडले. समजावलं. निवड किती मुलींतून झाली ते सांगितलं, पुढे पोलिसात, रेल्वेत खेळाडूंना जागा असतात ते सांगितलं. अंगठी देवापुढे ठेवू म्हटलं, तर आक्का म्हणाल्या, मागच्या पोरीनं बी देवापुढंच ठेवली हुती. गळ्यात दोऱ्यात ओवू म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण गळ्यात काही घालून खेळायचं नाही, हाही नियम माझाच. मी जे जे म्हणेन त्याला त्या दोघांची मान हलत होती, आणि माझ्या प्रत्येक वाक्याने शालन शिबिरापासून आणखी लांब जात होती. आपलंच म्हणणं पटलेल्या माणसांशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला आक्कांचा राग येत नव्हता, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

शालन या सगळ्यात चहाच्या कपबश्या उचलत होती. मला पोचवायला ती एस.टी.च्या थांब्यापर्यंत आली. उजवा हात तिने ओढणीत गुंडाळून घेतला होता.

“तू तरी बोल काही,” मी चिडून म्हटलं. “तिकडे आल्यावर काढून ठेव. कोण बघायला येणार आहे?”

“कळतं बाई. कुनीतरी सांगतंच. माझ्यामागं दोन बहिनी हायत.”

“मग तात्यांशी बोल.”

“तात्या रात्री झोपत न्हाईत. परत अंगठीचं नाव काढलं तर हाय खात्याल.”

“म्हणजे संपलं?”

“संपलं.”

लांबून गाडी येताना दिसली. मला तिथून जायचं नव्हतं आणि थांबून करण्यासारखंही काही नव्हतं. तिचा हात ओढणीतून काढून मी सवयीने पाहिला. सूज गेली होती. बोट सरळ होतं, पेर मोकळं हलत होतं, टोक गुलाबी होतं. इतका चांगला बरा झालेला हात मी त्या वर्षात पाहिला नव्हता.

“तुमी त्या दिवशी मला तशीच खेळू द्यायला पायजे हुतं,” शालन म्हणाली.

“वेड लागलंय का तुला? बोट गेलं असतं तुझं.”

“गेलं असतं,” ती म्हणाली. “मग अंगठी घातली कशात असती त्यांनी?”